टेप लावून रग्बीचा खेळाडू निवडू नका

रग्बी म्हणजे धिप्पाड लोकांचा खेळ, आपल्या पोरांचं ते काम नाही, हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की शेवटी लिहायला बसलो. मध्यंतरी शाळकरी मुलांच्या एका निवड चाचणीत बारा-तेरा वर्षांच्या पोरांना आधी भिंतीला उभं करून मोजताना पाहिलं. उंचीत न बसणारी पोरं चेंडूला हातही न लावता घरी गेली.

उंचीचा काहीच फायदा नाही, असं मी म्हणणार नाही. लाइनआऊट बघा. चेंडू मैदानाबाहेर गेला की दोन्ही संघ रांगा लावून उभे राहतात, आत फेकलेला चेंडू झेलायला एका गड्याला दोघं मिळून वर उचलतात. तिथे दक्षिण आफ्रिकेचा एबेन एट्झेबेथ ६ फूट ८ इंचांचा असणं कामाचंच आहे. लॉकच्या जागेवर बुटका माणूस सहसा दिसत नाही आणि दिसायची गरजही नाही.

पण संघात पंधरा जण असतात हो! लॉक त्यातले दोन.

त्याच दक्षिण आफ्रिकेचा चेस्लिन कोल्बे जेमतेम ५ फूट ७ इंच. आपल्या एसटी स्टँडवर उभा राहिला तर कोणी वळून बघणार नाही. २०१९ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात योकोहामाला त्याने इंग्लंडच्या कर्णधाराला, ओवेन फॅरेलला, जागच्या जागी चकवलं आणि ट्राय केला. ३२-१२ ने सामना खिशात. आणि २०२३ ची उपांत्यपूर्व फेरी! फ्रान्सचा थॉमस रामोस ट्रायनंतरची किक मारायला निघाला, कोल्बे गोलरेषेवरून सुसाट धावत आला आणि चेंडू हवेतच अडवला. फ्रान्सचे दोन गुण गेले. निकाल काय? २९-२८. हात उंच असण्यापेक्षा किकर कधी हलतो हे ओळखणं तिथे महत्त्वाचं होतं.

वेल्सचा शेन विल्यम्सही साधारण तेवढाच, आणि २००८ मध्ये जगातला सर्वोत्तम खेळाडू ठरला. फ्रान्सचा अँतोआन द्युपाँ ५ फूट ९ च्या आसपास. पॅरिस ऑलिंपिकचं सेव्हन्सचं सुवर्णपदक आहे त्याच्याकडे.

उंचीचा तोटाही असतो, तो कोणी सांगत नाही. टॅकलला खाली वाकावं लागतं. उंच माणूस वाकायला आळसला की त्याचा खांदा समोरच्याच्या डोक्याला लागतो, आणि आता त्याची शिक्षा कडक आहे. २०२३ च्या अंतिम सामन्यात न्यूझीलंडच्या कर्णधाराला, सॅम केनला, उंचावर केलेल्या टॅकलबद्दल लाल कार्ड मिळालं. संघ चौदा जणांवर आला आणि ११-१२ ने हरला. खाली वाकून पाय धरायची कला आपल्या कबड्डीवाल्यांना सांगायला नको. घोटा पकडणारा कोपऱ्यातला गडी ताडमाड लागतो का?

शिवाय तेराव्या वर्षीची उंची म्हणजे काय? एकाची वाढ आधी होते, दुसऱ्याची दहावीनंतर. आज मोठा दिसणारा पोरगा सोळाव्या वर्षी सरासरीत येतो, आणि ज्याला घरी पाठवला तो तोवर खेळच सोडून बसलेला असतो. दांडग्या मुलाखाली किरकोळ मुलगा चिरडेल ही भीती खरी आहे, नाकारत नाही. पण त्यावर उपाय आहे. न्यूझीलंडमध्ये काही ठिकाणी मुलांच्या रग्बीत वजनाचे गट पाडतात. आपल्याकडे कबड्डीच्या किशोर-कुमार गटांना वजनाची मर्यादा असतेच, म्हणजे ही पद्धत आपल्याला नवीन नाही.

चाचण्या घेणाऱ्या सरांना आणि मॅडमना एवढंच सांगणं आहे. टेप आणा, उंची वहीत लिहून ठेवा, पण आधी प्रत्येकाला निदान दोन दिवस खेळवा. कोण वळतो, कोण वाकतो, कोण पडून पुन्हा उठतो ते बघा, आणि मग यादी लावा.