सीमा भाषेची, हिशेब भाकरीचा

देगलूरच्या शाखेत असताना बिचकुंद्याकडचे एक शेतकरी आमच्या काउंटरवर येत. बोलत अस्सल मराठी, सही करीत तेलुगूत. एकदा मी विचारले, "मामा, तुम्ही मराठी की तेलुगू?" ते हसून म्हणाले, "लेक देगलुरात दिली साहेब, जमीन तिकडं हाय. आता तुम्हीच ठरवा."

त्यांच्या वतीने हे दिल्लीने 1956 सालीच ठरवले होते. राज्य पुनर्रचना कायद्याने नांदेड जिल्हा मुंबई राज्यात आला; पण देगलूर तालुक्यातली बिचकुंदा आणि जुक्कल ही दोन सर्कले आणि मुधोळ तालुक्यातली मुधोळ, भैंसा, कुबेर ही तीन सर्कले आंध्र प्रदेशात गेली. निजामाच्या राज्यात एकाच कचेरीत खेटे घालणारी माणसे 1 नोव्हेंबरला दोन राज्यांची झाली. 2014 पासून पलीकडचे राज्य तेलंगण आहे.

भाषेवर आखलेली रेघ माणसाला बांधून ठेवते का? 2022 च्या अखेरीस नांदेड जिल्ह्यातल्या काही सीमावर्ती गावांनी तेलंगणात जाण्याची भाषा केली, तेव्हा हा प्रश्न उघड्यावर आला. ही गावे काही मराठी विसरली नव्हती. पलीकडच्या शेतकऱ्याला 'रयतू बंधू' योजनेत एकरी रोख मदत मिळते, हे ती रोज पाहत होती. पुण्या-मुंबईत याचा राग आला. मला मात्र बँकेतला जुना अनुभव आठवला. जिथे काम होते, तिथे खातेदार जातो.

या संदर्भात युरोपातले दक्षिण टायरॉल पाहण्यासारखे आहे. जर्मन बोलणारा हा आल्प्समधला मुलूख पहिल्या महायुद्धानंतर, 1919 च्या तहाने, ऑस्ट्रियाकडून इटलीकडे गेला. मुसोलिनीच्या राजवटीने जर्मन शाळा बंद केल्या, गावांची नावे बदलली. मुले चोरून आपली भाषा शिकली. 1946 च्या करारात हक्क कबूल झाले, पण अंमल रखडला आणि 1960 च्या दशकात तिथे बॉम्ब फुटले. अखेर 1972 च्या कायद्याने खरी स्वायत्तता आली. शाळा आणि कचेऱ्यांत जर्मन आली. पुढे तिथल्या करांतला सुमारे 90 टक्के वाटा तिथेच राहू लागला. 1992 मध्ये ऑस्ट्रिया आणि इटलीने वाद मिटल्याचे जाहीर केले. सीमा एक इंचही हलली नाही. भाषेला मान आणि हाताला पैसा, दोन्ही मिळाले म्हणून ती सलेनाशी झाली.

आमच्याकडे यातले निम्मेच झाले. निजामाच्या उर्दू कारभारातून 17 सप्टेंबर 1948 ला सुटलेल्या मराठवाड्याला भाषेचे राज्य मिळाले. आपण बिनशर्त आलो, असे आम्ही अभिमानाने सांगतो. पण 1953 च्या नागपूर करारात समतोल विकासाची आश्वासने होती, आणि घटनेच्या 371 व्या कलमात विकास मंडळांची तरतूद आहे. ती मंडळे 1994 साली स्थापन झाली आणि 30 एप्रिल 2020 रोजी त्यांची मुदत संपली. त्याबद्दल कुठल्या चौकात आरडाओरड झाल्याचे मला आठवत नाही. बेळगावसाठी आपला कंठ दाटून येतो. देगलूरच्या रस्त्यासाठी का येत नाही?

गावे तिकडे द्यावीत, असे मी म्हणत नाही. तिकडची मागून आणावीत, असेही नाही. बिचकुंद्याच्या मुलाला मराठी शाळा मिळावी, देगलुरात तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणाऱ्याला परके वाटू नये, आणि सीमेवरच्या शेतकऱ्याला शेजारच्या राज्याचा हेवा वाटू नये, एवढे झाले तरी पुष्कळ.

मामांच्या प्रश्नाचे उत्तर मला त्या दिवशी देता आले नाही. मी त्यांची तेलुगू सही नमुन्याशी ताडून पाहिली आणि पैसे मोजून दिले. दोन्ही राज्यांनी त्यांच्याशी एवढा सरळ व्यवहार केला असता, तर मला तो प्रश्न विचारावासाही वाटला नसता.