राजाचे नाव पाळण्यातही हवे

बाळाला राजाचे किंवा राणीचे नाव ठेवावे की नाही, हा वाद मराठी घरांत जुनाच आहे. ठाण्याच्या घोडबंदर रोडवर तो आज नव्याने दिसतो. कापूरबावडीपासून गायमुखापर्यंत उभ्या राहिलेल्या इमारतींत सातारा-सांगलीकडची, कोकणातली, लालबाग-परळमधून हललेली कुटुंबे राहायला आली आहेत. सोसायटीच्या हॉलमध्ये बारसे होते, आत्या बाळाच्या कानात नाव सांगते आणि मागच्या पडद्यावर फुगे सरकवून तेच नाव सगळ्यांना दाखवले जाते. त्या पडद्यावर शौर्य, राजवीर, शिवांश, स्वराज ही नावे पुन्हा पुन्हा येतात. शिवाजी, संभाजी, राजाराम मात्र जवळजवळ येतच नाहीत. आजोबांच्या पिढीत हीच नावे गावोगाव होती. पराक्रमाची गुणवर्णने पाळण्यात आणि ज्यांनी पराक्रम केला त्यांची नावे फक्त चौकांच्या पाट्यांवर, अशी ही वाटणी झाली आहे. ती चुकीची आहे.

नाव टाळण्याचे सर्वांत वजनदार कारण श्रद्धेचे असते. नाव फार मोठे आहे, पोराला रागावताना किंवा वर्गात कुणी चिडवताना त्या नावाचा अपमान होईल, असे घरातली वडीलधारी माणसे सांगतात. या बोलण्यामागे खरा आदर असतो, त्यामुळे ते उडवून लावण्यासारखे नाही. पण भोसल्यांच्या घरातच हा संकोच नव्हता. १४ मे १६५७ रोजी पुरंदरावर जन्मलेल्या राजपुत्राला संभाजी हे नाव मिळाले ते कनकगिरीच्या लढाईत पडलेल्या थोरल्या काकांचे. शिवाजी महाराजांचे निधन १६८० सालचे. पुढे दोनच वर्षांनी, १६८२ मध्ये, संभाजी महाराजांना मुलगा झाला आणि त्याचे नाव शिवाजी ठेवले गेले. इतिहास त्याला शाहू महाराज म्हणून ओळखतो. महाराणी ताराबाईंनीही आपल्या मुलाचे नाव शिवाजीच ठेवले. आदर दाखवायचा तर नाव पुढच्या पिढीत चालते ठेवायचे, अशी ही रीत होती.

राजघराण्याबाहेरही बंदी नव्हती. प्रतापगडाखाली अफजलखानाच्या भेटीला जाताना महाराजांनी जे निवडक अंगरक्षक बरोबर घेतले, त्यांत संभाजी कावजी होता. तेव्हा राजगडावरचे संभाजीराजे अडीच वर्षांचे होते. सैनिकाचे आणि युवराजाचे नाव एकच आहे, हे कुणालाही खटकले नाही. चीनमध्ये बादशहाच्या नावातली अक्षरे लिहिण्यालाही मनाई असे, लोकांना पर्यायी अक्षरे शोधावी लागत. महाराष्ट्राने तशी मनाई कधी पाळली नाही. आजच्या कायद्यातही ती नाही. १९५० च्या बोधचिन्हे व नावे यांच्या गैरवापरास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याच्या अनुसूचीत छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव आहे. पण तो निर्बंध व्यापार, धंदा आणि ट्रेडमार्कपुरता आहे. दुकानाच्या पाटीवर कायदा डोळा ठेवतो, पाळण्यावर नाही.

राहिला रागावण्याचा प्रश्न. तो मराठी घराने फार पूर्वी सोडवला आहे. नातवाला आजोबांचे नाव ठेवले की सून सासऱ्यांच्या नावाने हाक मारत नसे. मग तो पोरगा घरात बाळ, दादा, अप्पा, नाना होई. कागदावरचे नाव तसेच राही आणि हाकेला दुसरे नाव असे. जी सोय आजोबांच्या नावासाठी चालली ती महाराजांच्या नावासाठीही चालते.

दुसरा आक्षेप असा, की ही नावे घराण्यांची आहेत, इतरांनी ती घेणे म्हणजे नसता थाट. प्रत्यक्षात ती घराघरांतून राजवाड्यात गेली. शिवाजी हे नाव शिवनेरीवरच्या शिवाई देवीवरून ठेवल्याचे परंपरा सांगते. मल्हारराव आणि खंडेराव ही नावे जेजुरीच्या देवाची. शिवाजी महाराजांच्या मुलींची नावे पाहावीत: सखू, राणू, अंबिका, दीपा, राजकुवर, कमळा. एक राजकुवर सोडली तर कोणत्याही वाडीवस्तीत ऐकू यावीत अशी ही नावे आहेत. राजघराण्यातले नाव जन्मानेच मिळते, असेही नाही. मालेगाव तालुक्यातल्या कवळाण्याचा गोपाळराव १८७५ मध्ये बडोद्याला दत्तक गेला आणि सयाजीराव झाला. कागलच्या घाटग्यांचा यशवंतराव १८८४ मध्ये कोल्हापूरला दत्तक जाऊन शाहू झाला. मणिकर्णिका तांबे लग्नानंतर झाशीची लक्ष्मीबाई झाली. ज्या नावाने हे तिघे जगाला माहीत आहेत, ते त्यांच्यापैकी एकाचेही जन्मनाव नव्हते. बंगळुरूच्या एका मराठी पोलीस शिपायाने १९५० मध्ये आपल्या मुलाचे नाव शिवाजीराव ठेवले, तेव्हा त्याने कोणत्या घराण्याची परवानगी मागितली नव्हती. तो मुलगा पुढे रजनीकांत झाला.

नावे जुनाट वाटतात, हे तिसरे कारण फारसे टिकत नाही. सईबाई आणि ताराबाई यांतली ‘बाई’ गळाल्याबरोबर सई आणि तारा पुन्हा नव्या झाल्या.

नाव ठेवणाऱ्यांचीही एक चूक आहे आणि तीही खोडून काढायला हवी. राजाचे नाव दिले की मूल तसेच निपजते, अशी समजूत पत्रिका पाहणारे आणि नावांची पुस्तके विकणारे पसरवतात. तिचे उत्तर घोडबंदरच्या समोरच आहे. घोडबंदरचा किल्ला ज्या खाडीवर आहे तीच पुढे वसईला समुद्राला मिळते. पहिला बाजीराव पेशवा असताना १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे घेतले आणि १७३९ मध्ये त्याचा भाऊ चिमाजी अप्पा याने पोर्तुगीजांकडून वसई जिंकली. त्याच वसईत ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह करून त्यांची तैनाती फौज पदरात घेतली. नाव एक, गाव एक, आणि कर्तृत्वात जमीनअस्मानाचे अंतर. नावाकडून भविष्याची हमी मागू नये.

मग ते ठेवायचे कशासाठी? आठवणीसाठी. चौकाला दिलेले नाव पत्त्यापुरते उरते. मुलाला दिलेले नाव ‘माझे नाव हेच का?’ असा प्रश्न घरात आणते आणि आईबापांना उत्तर शोधावे लागते. अहिल्या नावाच्या मुलीला चौंडीच्या पाटलाच्या घरी १७२५ मध्ये जन्मलेली आणि १७६७ पासून १७९५ पर्यंत होळकरांचे राज्य चालवणारी बाई सांगावी लागते. गुणवाचक नावाला अशी गोष्ट नसते. ‘शौर्य’ कुणाचे, ते त्यातून कळत नाही.

निवड शिवकाळापुरती ठेवण्याचेही कारण नाही. घोडबंदर रोड ज्या ठाण्यात आहे, तिथे उत्तर कोकणच्या शिलाहारांची राजवट होती. त्यांच्यापैकी अरिकेसरीचा १०१७ चा ताम्रपट ठाण्यातच सापडला. अंबरनाथच्या देवळातला शके ९८२ चा लेख मुम्मुणीच्या काळातला. याज्ञवल्क्यस्मृतीवरची प्रसिद्ध टीका अपरादित्याच्या नावावर आहे. ही तिन्ही नावे आज कुणी ठेवणार नाही, हे मान्य. पण अनंतदेव, सोमेश्वर, हरिपाल, मल्लिकार्जुन हेही त्याच घराण्यातले राजे, आणि ही नावे आजही सहज हाक मारण्याजोगी आहेत.

निर्णयासाठी वेळही पुरेसा असतो. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असली तरी त्यात नाव लगेच द्यावेच लागत नाही. बारा महिन्यांपर्यंत ते विनाशुल्क घालता येते. जी थोडी घरे आज राजाचे नाव घेतात, तीही ते पाळण्यापुरते ठेवतात आणि दाखल्यावर दुसरेच लिहितात. क्रम उलटा हवा: दाखल्यावर शिवाजी, संभाजी, अहिल्या, आणि हाकेला घराला आवडेल ते लाडके नाव.