मुख्य व्यवसाय : हमाली

पत्रकाराला मारहाणीपासून वाचवणारा कायदा महाराष्ट्रात आहे. 2017 साली विधिमंडळात पास झाला, राष्ट्रपतींची मंजुरी मिळून 2019 मध्ये लागू झाला. पत्रकारावर हात टाकला तर तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. गुन्हा अजामीनपात्र. तपास पोलीस उपअधीक्षकाच्या खालचा माणूस करणार नाही. झकास! पण पत्रकार कोण? ज्याचा मुख्य व्यवसाय पत्रकारिता आणि जो प्रसारमाध्यम संस्थेत कायम किंवा कंत्राटी नोकरीला आहे, तो.

मग आमच्या इंदापूरच्या पोराचं काय? भीमेच्या पात्रातनं चोरून वाळू उपसतात. महसूलवाले उजनीच्या पाण्यातल्या बोटी जिलेटीन लावून उडवतात, पुन्हा नव्या बोटी येतात. समजा, बारामतीच्या एमआयडीसीत कंत्राटावर राबणाऱ्या पोरानं रात्री हे मोबाईलवर टिपलं, खाली चार ओळी खरडल्या, ब्लॉगवर टाकलं. सकाळी त्याला गाठून हाणला. ठाण्यात एन.सी. लिहून घेतील, म्हणतील जा घरी. त्याचाच व्हिडिओ उचलून बातमी करणाऱ्या पगारी वार्ताहराला मात्र कायद्याची छत्री. अॅट्रॉसिटी आहे की, असं म्हणतील. आहे, जातीवरनं मारलं तर. बातमीवरनं मारलं तर?

आणि पगारी वार्ताहर तरी काय लिहिणार? तालुक्याचं साप्ताहिक चेअरमनसाहेबांच्या वाढदिवसाच्या जाहिरातीवर जगतं. ज्याच्या जाहिरातीवर चूल पेटते त्याच्या काट्यात ऊस किती मारला, हे कोण छापील? ते फुकट लिहिणाराच लिहितो.

बाबासाहेबांनी 1927 साली ‘बहिष्कृत भारत’ काढला, रकानेच्या रकाने एकट्यानं लिहिले. पोट वकिलीवर आणि शिकवण्यावर. या व्याख्येत ते बसले नसते! घटना समितीत 1948 साली त्यांनीच सांगितलं की वृत्तपत्राला नागरिकापेक्षा वेगळा हक्क नाही. संपादकही लिहितो तो नागरिक म्हणूनच. मग संरक्षण तेवढं नोकरी बघून का?

म्हणतील, मोबाईलवाले खंडणी मागतात. मागतात काही. गाडीवर ‘प्रेस’ लिहून कार्डवालेही मागतात. खंडणीचा कायदा वेगळा आहे, तो लावा. खोटी तक्रार केली तर याच कायद्यात शिक्षा आहे.

राजापूरचे शशिकांत वारिसे पत्रकारच होते. 6 फेब्रुवारी 2023 ला त्यांच्या दुचाकीवर गाडी आदळली, दुसऱ्या दिवशी ते गेले, खुनाचा गुन्हा दाखल झाला. तेव्हा कायदा लागू होता. कायदा असून ही गत, तर ज्याला कायदाच नाही त्यानं काय करायचं?

आमची मागणी साधी आहे. व्याख्येतली नोकरी काढा. लोकांच्या कामाची गोष्ट जाहीर सांगितली म्हणून ज्याला मारलं, त्याला हा कायदा लावा. मग तो ऊसतोड्या असो, घरकाम करणारी बाई असो, नाहीतर माझ्यासारखा गोदीत लोखंडाला साखळ्या बांधणारा.

या अंकाचीही कुठं नोंदणी नाही. पुढच्या अंकात भीमाकाठची पोरं स्वतः लिहिणार आहेत. नावं छापायची की नाही, ते त्यांनी अजून कळवलेलं नाही.