संसारोपयोगी विचार : तसबिरीचें भिंग

गेल्या वर्षीं आमच्या वडील बंधूंचें धुळ्यास देहावसान झालें. तेराव्यास लावण्याकरितां तसबीर शोधूं लागलों, तों एवढ्या मोठ्या घरांत त्यांचा एकट्याचा एकहि फोटो निघेना. अखेर एका लग्नांतील समूहाच्या फोटोंतून त्यांचा चेहरा कापून मोठा करविला. वाटाण्याएवढा चेहरा फूटभर केला म्हणजे व्हावयाचें तेंच झालें. नाकडोळे आहेत, पण माणूस नाहीं. एक्क्याऐंशीं वर्षें ज्यांच्या छायेंत घर नांदलें, त्यांची ही आठवण पाहून आम्हांस शरम वाटली. वहिनींचें वय आज अठ्ठ्याहत्तर. त्यांच्या बाबतींत तरी असें होऊं द्यावयाचें नाहीं, असा आम्हीं निश्चय केला.

आमच्या नातीपाशीं नवशिक्यांचा डिजिटल कॅमेरा आहे. त्यासोबत मिळालेलें १८ ते ५५ मिलिमीटरांचें भिंग घेऊन ती जळगांवाहून आमच्याबरोबर धुळ्यास आली. वाड्याच्या माजघरांत उजेड बेताचा. वहिनींच्या डोळ्यांस झगझगाट सोसत नाहीं, म्हणून फ्लॅश वर्ज्य. सगळे फोटो हललेले आणि दाणेदार आले. "आजोबा, भिंगच दुसरें पाहिजे," नात म्हणाली. तें कोणतें व कां, हें समजून घेण्यांत आमचा महिना गेला. वाचकांचा तसा जाऊं नये, म्हणून हें लिहिणें.

भिंगावर दोन अंक असतात. पहिला नाभीय अंतराचा, दुसरा छिद्राचा. नाभीय अंतरास छिद्राच्या व्यासानें भागलें असतां दुसरा अंक येतो; म्हणून अंक जितका लहान, तितकें छिद्र मोठें. ५० मिलिमीटरांच्या भिंगांत १.८ म्हणजे सुमारें २८ मिलिमीटर व्यास, आणि ५.६ म्हणजे सुमारें ९. व्यास तिपटीहून थोडा अधिक झाला, कीं क्षेत्रफळ नऊपटीहून अधिक होतें, आणि उजेडहि तितक्याच पटीनें वाढतो. सोबत मिळणारें भिंग ५५ वर नेलें म्हणजे बहुधा ५.६ च्या पलीकडे उघडत नाहीं; आमचें घोडें तेथेंच अडलें होतें. ही अडचण नवी नव्हे. १८४० सालीं व्हिएन्ना येथील गणिताचे अध्यापक पेट्झव्हाल यांनीं खास चेहऱ्यासाठीं मोठ्या छिद्राचें भिंग आंखलें, तेंहि याचसाठीं. तोंवर फोटो काढवून घेणारास कित्येक मिनिटें निश्चल बसावें लागे.

तेव्हां बेताच्या खर्चांत ५० मिलिमीटर, १.८ चें भिंग घ्यावें, असें आमचें मत झालें. कॅननच्या आरसा असलेल्या कॅमेऱ्यास २०१५ सालीं निघालेलें एस. टी. एम्. जातीचें भिंग चालतें. निकॉनच्या कॅमेऱ्यास 'जी' खुणेचें पाहावें. एका दुकानदारानें आमच्या नातीस स्वस्त म्हणून जुनें 'डी' खुणेचें दिलें. परंतु तिच्या डी ३००० मालिकेच्या कॅमेऱ्यांत भिंग फिरविणारी मोटर नसते. चेहरा हातानेंच स्पष्ट करावा लागतो. तें परत करण्यांत दोन खेपा झाल्या. दुकानांतच आपल्या कॅमेऱ्यावर भिंग चढवून पाहिल्याखेरीज पैसे मोजूं नयेत.

पैसे मोजण्यापूर्वीं आणखी एक करावें. आपलें जुनें भिंग आठवडाभर ५० वरच ठेवून घरांत वापरावें. पांच फुटांवरून चेहरा व खांदे त्यांत नेमके बसतात, आणि इतक्या अंतरावरून नाकहि फुगून दिसत नाहीं. बसलेलें सबंध माणूस घ्यावयाचें तर दहा फूट मागें सरावें लागतें. तेवढी खोली नसेल, तर ३५ मिलिमीटरांचें घ्यावें.

मोठ्या छिद्राचा एक दोषहि सांगतों. पांच फुटांवर १.८ नें घेतलें तर जेमतेम अडीच इंचांची खोली स्पष्ट येते. मान थोडी वळली कीं एक डोळा स्वच्छ, दुसरा धूसर. २.८ ठेवावें, तरीहि ५.६ च्या चौपट उजेड मिळतो. शिवाय मागचें सर्व पुसून टाकण्याची हौस आवरावी. शाकुंतलाच्या सहाव्या अंकांत दुष्यंतानें शकुंतलेचें चित्र काढिलें आहे, तरी त्याचें समाधान होत नाहीं. मालिनी नदी, हंस, हिमालयाचा पायथा, हरिणें हीं त्यांत यावयाचीं आहेत, असें तो म्हणतो. माणूस आपल्या जागेसकट आठवतें, हें कालिदास जाणत होता.

आणि साधनापेक्षां धीर मोठा. आमच्याच खानदेशांत चाळीसगांवीं केकी मूस (१९१२–१९८९) यांनीं आपल्या घरांत मेजावर लहानसहान वस्तु मांडून त्यांच्या छायाचित्रांतून अफाट देखावे उभे केले. त्यांचें घर आज त्यांच्या कलेसह जतन केलेलें आहे, मुलांना दाखवावें.

गेल्या महिन्यांत नातीनें वहिनींस पूर्वेच्या खिडकीपाशीं बसविलें. मागें देवघर अंधुक दिसेल इतपत ठेविलें. फ्लॅश नव्हता, घाई नव्हती. फोटो पाहून वहिनी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "भाऊजी, ह्यांच्या शेजारीं जागा ठेवा. मात्र खिळा ठोकायची घाई करूं नका."