पोकरचे गणित आणि हट्ट

टेक्सास होल्डेम पोकरमध्ये जोडी नसलेली दोन पाने हाती आली, तर पटावर उघडणारी पहिली तीन पाने, म्हणजे ‘फ्लॉप’, सुमारे ६८ टक्के वेळा त्यांना जोड देत नाहीत. तरीही पैसे लावत राहावे काय? प्रतिस्पर्धी एकच असेल, तर बहुधा त्याचीही हीच गत असते. साचलेल्या रकमेच्या निम्मी पैज लावल्यास तीनपैकी एकदा त्याने माघार घेतली तरी तोटा होत नाही. प्रतिस्पर्धी तीन-चार असतील, तर मात्र थांबणेच श्रेयस्कर. पोकर कौशल्याचा खेळ आहे, या दाव्याचा आधार असा हिशेबच आहे.

परंतु ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या कायद्याने कौशल्य की नशीब, हा भेदच बाजूला सारून पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या सर्व ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. कौशल्याची उपेक्षा झाली, ही तक्रार अगदीच निराधार नाही. तथापि हे गणित हजारो डावांच्या सरासरीचे आहे. पगारावर खेळणाऱ्याची पुंजी त्याआधीच संपू शकते. गमावलेले भरून काढण्यासाठी लावलेली पैज हिशेब नसते, हट्ट असतो. तो बंदीने शमेल की चोरवाटा शोधील, हीच कायद्याची खरी कसोटी आहे.