हिमनद्यांचे वय आणि सोयीचा युक्तिवाद

हिमनद्या वितळत असल्याचा विषय निघाला की, 'त्या पूर्वीही पुढे-मागे होतच होत्या' हा युक्तिवाद हमखास केला जातो. हिमालयातील हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होतील, हे 'आयपीसीसी'च्या २००७ च्या अहवालातील विधान जानेवारी २०१० मध्ये मागे घ्यावे लागले, तेव्हापासून तर आपल्याकडे त्याला विशेष बळ आले. युक्तिवाद खोटा नाही. पण कधी आणि कशामुळे, हे प्रश्न तो टाळतो.

त्यांची उत्तरे दगडांत आहेत. हिमनदी मागे सरते तेव्हा शिळांचे ढीग, म्हणजे हिमोढ, सोडून जाते. उघड्या पडलेल्या शिळांवर विश्वकिरणांचा मारा सुरू झाला की त्यांतील गारगोटीत बेरिलियम-१० साचू लागते. ते किती साचले, यावरून बर्फ कधी हटला याचा हिशेब मांडता येतो. हे घड्याळ बिनचूक नाही. शिळा मागाहून उलटली असेल तर वय कमी भरते. हिमनदीने उचलण्यापूर्वीच ती उघड्यावर पडलेली असेल तर जास्त.

भागीरथीच्या खोऱ्यातील गाळाचे वय प्रकाश-उत्सर्जनाच्या पद्धतीने काढले गेले. त्यानुसार सुमारे ६० हजार वर्षांपूर्वी गंगोत्री हिमनदी आजच्या गोमुखाच्या कितीतरी खाली उतरली होती. नवल असे की, २० हजार वर्षांपूर्वी, युरोप-अमेरिकेत हिमयुग ऐन भरात असताना, हिमालयातील अनेक हिमनद्या त्यामानाने आखूडच होत्या. इथे नुसती थंडी पुरत नाही, हिम पडायला मान्सूनही लागतो, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते.

आजच्या माघारीचे काय? अँडीज पर्वतातील चार हिमनद्यांपाशी नुकत्याच उघड्या पडलेल्या खडकांत विश्वकिरणांची खूण जवळजवळ आढळलीच नाही, असे 'सायन्स'मध्ये २०२४ साली प्रसिद्ध झाले. म्हणजे गेल्या ११,७०० वर्षांत त्या आजच्याइतक्या लहान कधीच नव्हत्या. मान्सूनवर पोसलेल्या हिमालयाला हा निष्कर्ष जसाच्या तसा लावणे घाईचे ठरेल. मात्र 'पूर्वीही असेच होते' म्हणणाऱ्यांना आता तारीख सांगावी लागेल. हिंदुकुश-हिमालयातील हिमनद्या २०११ ते २०२० या दशकात आधीच्या दशकाहून ६५ टक्के अधिक वेगाने झिजल्या, हे काठमांडूच्या 'इसिमोड' या संस्थेने २०२३ मध्येच सांगितले आहे.