‘पोलीस कारवाई’ या नावाआड काय दडले?

जुलै १८९८ मध्ये क्यूबातील सांतियागो शहर स्पेनच्या हातून गेले, तेव्हा विजेते म्हणून आत शिरले ते अमेरिकी सैन्य. भोवतालच्या मुलखात स्पेनशी झुंजत आलेल्या कालिक्स्तो गार्सिया यांच्या क्यूबन सैनिकांना शहराबाहेरच थोपवण्यात आले. क्यूबाने पहिल्यांदा शस्त्र उचलले त्याला तोवर तीस वर्षे होत आली होती. तरीही त्या युद्धाला नाव मिळाले ‘स्पॅनिश-अमेरिकन युद्ध’. ज्यांचा देश, त्यांचेच नाव गाळलेले.

मराठवाड्यातही असे एक नाव रूढ आहे : ‘पोलीस कारवाई’. अर्थात तुलनेला मर्यादा आहे. येथील लढवय्यांना ज्या देशात सामील व्हायचे होते, त्याच देशाची सेना त्यांच्यासाठी आली. परंतु विस्मरणाची तऱ्हा तीच. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ हे पाच दिवस पाठ होतात आणि त्याआधीचे सारे पुसट होते.

त्याआधी काय होते? ऑक्टोबर १९४६ मध्ये बिलोली तालुक्यातील अर्जापूरजवळ गोविंदराव पानसरे यांची हत्या झाली. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखालील स्टेट काँग्रेसचा मार्ग सत्याग्रहाचा; पण १९४७ नंतर रझाकारांपुढे तो अपुरा पडू लागला. मग निजामाच्या हद्दीबाहेर, सरहद्दीलगत सशस्त्र शिबिरे उभी राहिली. पैनगंगेपलीकडे उमरखेडला असेच एक शिबिर होते. उदगीरजवळच्या हत्तीबेटाचा आसरा किसान दलाच्या तरुणांनी घेतला.

नांदेड जिल्ह्यातील उमरीची कथा तर स्वतंत्र अभ्यासाचा विषय ठरावी. ३० जानेवारी १९४८ रोजी स्वातंत्र्यसैनिकांनी तेथील बँक लुटली. त्याच सायंकाळी दिल्लीत गांधीजींचा खून झाला. हाती आलेली रक्कम सुमारे वीस लाखांची, म्हणजे त्या काळी डोळे दिपवणारी. ती लढ्यासाठी वापरली गेली आणि तिचा हिशेब पुढे शासनाला सादर झाला. शस्त्र हाती घेऊनही पै-पैचा जाब द्यावा असे वाटणारी ही माणसे होती. त्यांना केवळ ‘सेनेचे साहाय्यक’ म्हणणे अन्यायाचे आहे.

म्हणून ‘मुक्तिसंग्राम’ हाच शब्द योग्य. मात्र तो स्वीकारणाऱ्यांनी ‘पोलीस कारवाई’ या सौम्य नावाने झाकलेली दुसरी गोष्टही उघडी ठेवली पाहिजे. रझाकारांचे अत्याचार खरे होते. सप्टेंबरनंतर मुस्लिम वस्त्यांवर उलटलेला सूडही तितकाच खरा होता. केंद्राने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने संस्थानातील मृतांचा अंदाज किमान २७ ते ४० हजार असा दिला. सर्वाधिक झळ पोहोचलेले जिल्हे चार : उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. आजचे लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होते, तर उदगीर बीदरमध्ये. म्हणजे लढ्याचा नकाशा आणि या हत्यांचा नकाशा बऱ्याच अंशी एकच आहे. हा अहवाल सरकारने अनेक दशके प्रसिद्धच केला नाही.

लढ्याची बाजू उणी होईल या भीतीने शालेय भाषणांत हे टाळले जाते. ती भीती अनाठायी आहे. जिवावर उदार होऊन मुस्लिम शेजाऱ्यांना वाचवणाऱ्या हिंदूंची नोंदही त्याच अहवालात आहे. त्यात विणकरांचा उल्लेख विशेषत्वाने येतो. अहवाल दडपला गेला, तेव्हा त्यांची कहाणीही त्याच्यासोबत दडपली गेली.